माळ्यावरचा टीव्ही गेम पुन्हा सुरू करताना: अडॅप्टरपासून मुलांसोबतच्या पहिल्या डावापर्यंत

नव्वदच्या दशकात ज्याला घरोघरी नुसतं 'टीव्ही गेम' म्हणत, तो डबा अजूनही अनेकांच्या माळ्यावर आहे. दोन रिमोट, एक नारंगी किंवा काळी बंदूक, आणि '९९९९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी त्यांवरची नावं वेगवेगळी असली, तरी आतलं यंत्र बहुधा एकाच घराण्यातलं असतं: निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची, म्हणजे फॅमिकॉमची नक्कल. कॅसेटच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना ३०-३० अशा ६० पट्ट्या दिसल्या, तर तुमचा डबा याच घराण्यातला आहे आणि पुढचं सगळं त्याला लागू पडतं.

आपण लहानपणी जे खेळलो ते मुलांना दाखवावं, अशी ओढ आई-वडिलांना असते. त्या घाईत डबा खाली काढताच पिन प्लगमध्ये जाते. नेमकं तेच टाळायचं आहे. वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेल्या यंत्राचा घात बहुतेक वेळा चुकीचा अडॅप्टर करतो. म्हणून सुरुवात तिथून.

आधी वीज

मूळ अडॅप्टर हरवलेला असतो आणि घरात राउटरचा, सेट टॉप बॉक्सचा, कीबोर्डचा असे पाच अडॅप्टर पडलेले असतात. पिन बसते म्हणून कुठलाही लावू नका. चार गोष्टी पाहा.

१. एसी की डीसी. अडॅप्टरवर 'आउटपुट' पुढे काय छापलंय ते वाचा. डीसीच हवा. अमेरिकेतून आणलेल्या मूळ निन्टेन्डो एनईएसचा (फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीचा) अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, कारण त्या यंत्राच्या आतच एसीचं डीसी करणारा भाग असतो. तो भाग नसलेल्या नकलेला असा अडॅप्टर लावला तर आतला कपॅसिटर (वीज साठवणारा, छोट्या नळकांड्यासारखा भाग) फुगतो, कधी फुटतो.

२. व्होल्ट. डब्याच्या मागे किंवा तळाला लिहिलेला आकडा पाळा. ९ व्होल्ट लिहिलं असेल तर आत बहुधा ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो ५ व्होल्टवर आणतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून टाकून देतो. यंत्र ३०० मिलिअँपिअर ओढत असेल, तर ९ व्होल्टवर साधारण १.२ वॉट उष्णता होते आणि १२ व्होल्टवर २.१ वॉट. म्हणूनच १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला की पहिली दहा मिनिटं सगळं ठीक चालतं, मग चित्र थरथरतं आणि खेळ अडकतो. नंतरच्या काळातल्या काही हलक्या डब्यांवर मात्र ५ किंवा ६ व्होल्ट लिहिलेलं असतं. त्यांत रेग्युलेटर नसूही शकतो. तिथे ९ व्होल्ट दिले तर एकमेव चिप जळते आणि दुरुस्तीला काही उरत नाही.

३. धन-ऋण. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा आणि पिनच्या मध्यभागी ऋण असलेला आहे. अनेक नकलांनी तीच पद्धत उचलली, पण सगळ्यांनी नाही. हल्ली बाजारात मिळणारे अडॅप्टर मात्र सहसा मध्यभागी धन असलेले असतात. सॉकेटजवळचं वर्तुळाचं छोटं चित्र अडॅप्टरवरच्या चित्राशी जुळलंच पाहिजे. चित्र पुसलं असेल तर डबा उघडून, वीज न देता, मल्टिमीटरने (वीज मोजायच्या छोट्या यंत्राने) सॉकेटची कुठली बाजू रेग्युलेटरच्या मधल्या पायाला जोडलेली आहे ते तपासा. मधला पाय म्हणजे ऋण.

४. अँपिअर. ५०० मिलिअँपिअर किंवा जास्त. यात आकडा मोठा असला तर धोका नाही, यंत्र हवी तेवढीच वीज घेतं.

जुना, जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला '९ व्होल्ट'चा अडॅप्टर भार नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतो. मल्टिमीटर खोटं बोलत नाही आणि अडॅप्टरही बिघडलेला नाही. भार आला की तो आकडा खाली येतो. तरी डब्यावर ९ व्होल्ट लिहिलं असेल तर शक्यतो हलका, रेग्युलेटेड, ९ व्होल्ट १ अँपिअरचा नवा अडॅप्टर घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे तो सहज मिळतो. तुमच्या डब्याला मध्यभागी ऋण लागत असेल तर दुकानदाराला 'सेंटर निगेटिव्ह' असं स्पष्ट सांगा.

आता डबा उघडाच. खालून चार-सहा स्क्रू असतात. फुगलेले किंवा तळाशी चिकट द्रव सुटलेले कपॅसिटर शोधा. असा एखादा दिसला तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा लावायचा; पांढऱ्या पट्टीची बाजू ऋण, ती उलटी बसता कामा नये. डाख देता येत नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, त्याच्यासाठी हे दहा मिनिटांचं काम आहे. मग कॅसेट न लावता वीज द्या आणि रेग्युलेटरचे पाय मोजा. छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली असं धरलं तर डावा पाय आत येणारी वीज, मधला ऋण, उजवा ५ व्होल्ट. मधला आणि उजवा यांत ४.८ ते ५.२ मिळालं म्हणजे यंत्राच्या पोटात नीट अन्न जातंय.

टीव्हीला जोडणं

डब्याच्या बाजूला पिवळं आणि पांढरं (किंवा लाल) सॉकेट असेल तर काम सोपं आहे. पिवळं म्हणजे चित्र, दुसरं आवाज. आवाज एकाच वाहिनीचा, मोनो असतो, म्हणून टीव्हीच्या पांढऱ्या सॉकेटलाच लावा. अनेक टीव्ही तेवढ्यावर दोन्ही स्पीकर चालवतात.

बऱ्याच नव्या एलईडी टीव्हींना तीन गोल सॉकेट नसून हेडफोनसारखं एकच ३.५ मिलिमीटरचं भोक असतं. त्याची तीन शेपट्यांची केबल टीव्हीबरोबर आलेली असते आणि बहुधा खोक्यातच पडून असते. बाहेरून दुसरी केबल आणली तर लक्षात ठेवा: आतल्या तारांचा क्रम कंपनीनुसार बदलतो. चित्र न येता टीव्हीतून गुरगुर ऐकू आली तर पिवळी पिन शेपटीतल्या लाल किंवा पांढऱ्या सॉकेटला लावून पाहा. अर्ध्या वेळा काम तिथेच होतं.

टीव्हीला एव्ही इनपुटच (म्हणजे यांतलं कुठलंच सॉकेट) नसेल तर 'एव्ही टू एचडीएमआय' कन्व्हर्टर लागतो. त्याचा जुळा भाऊ 'एचडीएमआय टू एव्ही' अगदी तसाच दिसतो आणि आपल्या कामाचा नसतो. डबीवर तीन गोल सॉकेटच्या शेजारी 'इनपुट' लिहिलेलं हवं. या डबीला स्वतःची ५ व्होल्टची यूएसबी वीज द्यावी लागते. टीव्हीच्या यूएसबीतून दिली आणि चित्र मध्येच जात असेल तर मोबाईलच्या चार्जरवरून द्या.

फक्त अँटेनाची तार निघत असेल, म्हणजे आरएफ, तर टीव्हीच्या अँटेना सॉकेटला ती लावा, डबा चालू ठेवा आणि अ‍ॅनालॉग चॅनेल शोधायला सांगा. आपोआप शोध चुकला तर हाताने व्हीएचएफच्या खालच्या चॅनेलांवर हळूहळू सरका. टीव्हीला अ‍ॅनालॉग ट्यूनरच नसेल तर एक जुनी युक्ती आहे: बंद न पडलेला व्हीसीआर मधे घ्या. त्याचा ट्यूनर आरएफ पकडतो आणि मागून पिवळ्या-पांढऱ्या पिनांनी बाहेर देतो.

चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्हीच्या मेनूत रंगपद्धती 'ऑटो'वरून पाल करा, जमलं नाही तर एनटीएससी. चित्र ताणलेलं असेल आणि मारिओ बुटका, लठ्ठ दिसत असेल तर चित्राचा आकार ४:३ करा. हा खेळ २५६ गुणिले २४० ठिपक्यांचा आहे आणि चौकोनी पडद्यासाठी काढलेला आहे. दोन्ही कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी राहू द्या.

यापुढची गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात आणि मग मुलांना खेळ 'बोअर' वाटला असं म्हणतात. ती म्हणजे उशीर. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंत. पाल पद्धतीच्या डब्यात एक चित्र २० मिलिसेकंदांचं असतं. नवा टीव्ही चित्र मोठं करतो, धार काढतो, दोन चित्रांच्या मधली हालचाल स्वतः भरतो, आणि त्यात चार-पाच चित्रांइतका वेळ सहज जातो. मग मुलगी खड्ड्याच्या काठावर बरोबर वेळी बटण दाबते आणि तरी मारिओ खड्ड्यात पडतो. तिला वाटतं तिला जमत नाही. टीव्हीच्या मेनूत 'गेम मोड' चालू करा. नसेल तर हालचाल गुळगुळीत करणं, चित्रातली खरखर काढणं, धार वाढवणं, हे सगळं बंद करा. तरीही खड्डे चुकत असतील तर कन्व्हर्टर काढून थेट एव्ही वापरून पाहा. आणि कुणी नातेवाईक जुना, पाठीमागे पोट असलेला टीव्ही भंगारात देत असेल तर मागून घ्या. त्याच्यावर उशीर जवळपास शून्य असतो आणि चित्रही जसं दिसायला हवं तसं दिसतं. फक्त त्याचं पाठचं झाकण कधीही उघडू नका. बंद असतानाही आत विजेचा जीवघेणा दाब साठलेला असतो.

कॅसेट: फुंकर मारू नका

आपण सगळ्यांनी फुंकर मारली आहे आणि ती चालली आहे असं वाटतं. खरं तर चालतं ते कॅसेट काढून पुन्हा घालणं. घासल्याने पट्ट्यांवरचा थर थोडा निघतो आणि संपर्क होतो. फुंकरेतला ओलावा मात्र तांब्यावर हिरवट बुरशीसारखा गंज चढवतो. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं.

लागणारं सामान: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (१०० मिलिलिटरची बाटली वर्षभर पुरते), कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, पांढरं मऊ खोडरबर, जुन्या बनियनचं कापड. हॅण्ड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. रॉकेल, सेंट, पॉलिश पेपर, काहीही नको. पॉलिश पेपरने पट्टीवरचा मुलामा जातो आणि मग ती महिन्याभरात काळी पडते.

काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवी नाही. काडी काळी होईल. ती काळी व्हायची थांबेपर्यंत नवी घेत राहा; पाच-सहा लागणं सामान्य आहे. डाग हटत नसेल तरच खोडरबर हलकेच चालवा, चुरा झटका, पुन्हा अल्कोहोल. पाच मिनिटं वाळू द्या. कॅसेट उघडायची असेल तर बऱ्याच स्वस्त कॅसेटना स्क्रू नसतात, कडेला खाचा असतात; स्क्रूड्रायव्हर घातला तर त्या तुटतात, म्हणून जुनं प्लॅस्टिकचं कार्ड सरकवा. आत काळ्या डांबराचा गोळा दिसला तर दचकू नका, चिप त्याखाली आहे. त्याला हात लावायचा नाही.

डब्यातलं भोकही तेवढंच मळलेलं असतं. कॅसेटच्या आतली पाटी बँकेच्या कार्डापेक्षा थोडीच जाड असते. बँकेचं कालबाह्य कार्ड ०.७६ मिलिमीटर असतं. त्याच्या कडेवर बनियनचं कापड एकपदरी गुंडाळून, अल्कोहोलने जेमतेम ओलं करून, वीज बंद असताना दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. दोन-तीन पदर गुंडाळून ते कोंबलं तर आतल्या पात्या कायमच्या फाकतात.

काय बिघडलंय ते पडदाच सांगतो. कॅसेटमध्ये खेळाचा हुकूम आणि खेळाची चित्रं वेगळ्या पट्ट्यांवरून जातात. आवाज नीट, पण अक्षरं आणि माणसं तुकड्यातुकड्यांची दिसत असतील तर चित्रांच्या पट्ट्या मळल्या आहेत. पडदा एकाच रंगाचा, आवाज नाही, तर हुकुमाच्या पट्ट्या. चित्र मिनिटभर ठीक येऊन मग बिघडत असेल तर कॅसेट सोडा, पुन्हा रेग्युलेटर मोजा. आणि वीज चालू असताना कॅसेट काढायची-घालायची नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी निक्षून सांगा.

रिमोट

बटण जोरात दाबावं लागत असेल तर रिमोट उघडा, रबराची चटई काढा, कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. चटईखालच्या काळ्या टिकल्या अल्कोहोलने जास्त घासू नका, कार्बन निघतो. पाटीवरचे संपर्क पुसायला खोडरबर चांगलं. रिमोट पूर्ण मेला असेल तर दहातले आठ वेळा तार रिमोटच्या तोंडाशी, जिथे ती वाकते, तिथे आतून तुटलेली असते. तार पाच असतात: ५ व्होल्ट, ऋण आणि तीन संदेशाच्या. मल्टिमीटरच्या बीपवर एकेक तपासा, तोंडाजवळची पाच सेंटिमीटर तार कापून टाका आणि उरलेली पुन्हा डाख देऊन जोडा. नऊ भोकांचा नवा रिमोट विकत घेतलात तर तो लगेच लावून पाहा. पिन तीच दिसली तरी काहींच्या आतला क्रम निराळा असतो.

बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही, कितीही साफ केली तरी. घोडा ओढताच खेळ पडदा क्षणभर काळा करतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो; बंदुकीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी दिसला का ते पाहतो. एलईडीवर तो चौकोन उशिरा येतो, शिवाय बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या झगमगाटासाठीच जुळवलेली असते. जुना टीव्ही मिळाला तर 'डक हंट'मध्ये एका बदकाच्या खेळात रिमोटने बदक उडवता येतं. म्हणजे लहान भाऊ नेम धरतो आणि ताई बदक पळवते. खूप घरांत हे कधी कळलंच नाही.

कुठला खेळ आधी

पिवळ्या कॅसेटवर लाखांचा आकडा असला तरी वेगळे खेळ थोडेच असतात. बाकी सगळे तेच खेळ, वेगळ्या टप्प्यापासून किंवा जादा जिवांनी सुरू होणारे. यादीची पहिली दोन पानं पुरे.

मुलांबरोबर पहिला डाव 'बॅटल सिटी'चा मांडा, म्हणजे आपला रणगाड्यांचा खेळ, नामकोचा, १९८५ सालचा. कारण दोघं एकाच वेळी, एकाच बाजूने खेळतात आणि पडदा सरकत नाही, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाचीही नजर हरवत नाही. प्रत्येक टप्प्यात शत्रूचे २० रणगाडे, एकूण ३५ टप्पे. खाली मधोमध विटांत गरुड आहे. तो फुटला की खेळ संपला, आणि तो आपल्याच गोळीनेही फुटतो. लहानाला गरुड राखायला बसवा, मोठ्याने वर जावं. जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ थिजतो, त्यामुळे भांडण होतं पण डाव बुडत नाही. फावडं घेतलं की गरुडाभोवती पोलादी भिंत होते. तीन तारे मिळाले की आपली गोळी पोलाद फोडते. याच खेळात 'कन्स्ट्रक्शन' आहे: ए दाबत विटा, पोलाद, पाणी, झाडी बदला आणि मैदान स्वतः रचा, स्टार्ट दाबून मागे या आणि त्याच मैदानावर खेळा. वीज गेली की मैदान पुसलं जातं, म्हणून आवडलेल्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये दोघं आळीपाळीने खेळतात आणि वाट पाहणारं मूल कंटाळतं. त्यापेक्षा एकाच खेळाडूचा डाव घ्या आणि प्रत्येक जिवाला रिमोट बदला. सगळे जीव संपल्यावर पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की ज्या जगात हरलात त्याच जगाच्या सुरुवातीपासून खेळ चालू होतो. मूल चौथ्या जगात रडवेलं झालं असेल तेव्हा याचा उपयोग कळतो.

'कॉन्ट्रा' थोड्या मोठ्या मुलांसाठी. गोळीबार आहे, आणि एका गोळीत जीव जातो. पहिल्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि स्टार्ट दाबलं की तीनऐवजी ३० जीव मिळतात. दोघांसाठी स्टार्टआधी सिलेक्ट. धबधब्याच्या टप्प्यात वरचा घाईने चढला तर पडदा वर सरकतो आणि खालचा मरतो. तिथे 'थांब, येतोय' म्हणायला मुलं आपोआप शिकतात. एकट्याने शांतपणे खेळायला 'एक्साइटबाइक': बी दाबून वेग घेतला की इंजिन तापतं, रस्त्यावरच्या बाणांवरून गेलं की थंड होतं.

वेळ आधीच ठरवा, आणि तो मिनिटांत न मोजता टप्प्यांत मोजा: 'अजून दोन टप्पे.' मधेच बंद केलेला खेळ मुलांना अन्याय वाटतो, कारण या खेळांत डाव साठवता येत नाही. तासाला दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांना विश्रांती द्या, खोलीतला दिवा चालू ठेवा. लखलखत्या उजेडाने कुणाला फिट आल्याचा इतिहास घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

डबा दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल तर

एचडीएमआयच्या भोकात बसणाऱ्या, बिनतारी रिमोटच्या स्वस्त काड्या सगळीकडे मिळतात. त्यांतले हजारो खेळ बहुधा परवान्याशिवाय भरलेले असतात आणि रिमोटचा उशीरही असतो. त्यापेक्षा घरचा जुना लॅपटॉप टीव्हीला जोडा, दोन तारेचे यूएसबी रिमोट घ्या आणि 'सुपरटक्सकार्ट' टाका. ती मोफत, मुक्त स्रोताची गाड्यांची शर्यत आहे आणि पडदा विभागून अनेकांना एकत्र खेळता येते. जुन्या चवीचंच काही हवं असेल तर एनईएससाठी हौशी लोकांनी अलीकडे केलेले 'नोव्हा द स्क्विरल', 'थ्वेट' असे मोफत खेळ एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतात, आणि त्यांत कुणाचा हक्क मोडत नाही.

पावसाळ्याआधी

मेअखेरीस कॅसेट एकदा पुसा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. रिमोटच्या तारा डब्याभोवती करकचून गुंडाळू नका, सैल वेटोळं करून रबर लावा. अडॅप्टर यंत्रासोबतच ठेवा आणि त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवा: कुठल्या डब्याचा, किती व्होल्ट, मध्यभागी धन की ऋण.